घाण्याच्या बैलाचीही सुट्टी

परवा शनिवारी पुण्यातल्या लाल देवळाजवळच्या कोंडीत एक स्कूटरवाला तरुण खांदा आणि कान यांत फोन धरून ‘हो सर, आजच पाठवतो’ म्हणत होता. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या, १८६७ सालच्या त्या सिनेगॉगच्या परंपरेत शनिवारी सरही सुट्टीवर! कोकणातले बेने इस्रायल ज्यू त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. त्यांच्या धर्मग्रंथाची आज्ञा मोठी झकास आहे: विश्रांती मालकाला, नोकराला आणि बैलालाही, का, तर तुम्ही मिसर देशात गुलाम होतात याची आठवण राहावी. थोडक्यात, ज्याला थांबता येतं तोच स्वतंत्र. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० मध्ये रविवार मिळवला. आपण तो फोनच्या एका ‘टिंग’वर परत करतो. माझ्या मते सुट्टीच्या दिवशी साहेबांचा फोन न उचलणं हा हक्कच आहे आणि तो बजावताना कारण सांगायची गरज नाही. पुणेकरांना हे जड जाऊ नये. दारात गिऱ्हाईक उभं असताना एक ते चार दुकान बंद ठेवायला आपण कधी कुणाची परवानगी मागितली?