बाळंतपणामुळे मुलीचा खेळ संपू देऊ नका

मा. आयुक्त,
क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य, पुणे



नागपूरजवळच्या वाडीतून लिहिते आहे. माझी लेक ज्युडो खेळते. पावसाळ्यात तिचा जाड ज्युडोगी दोन-दोन दिवस वाळत नाही. पकड घेऊन घेऊन बोटांची सालं निघतात, त्यावर पट्ट्या गुंडाळून ती पुन्हा मॅटवर उतरते. स्पर्धा जवळ आली की ५७ किलोच्या गटात बसण्यासाठी जेवणावर मन मारते. हे सगळं आम्ही आनंदाने निभावतो. काळजी पुढची आहे. तिच्याहून मोठ्या मुलींचं लग्न ठरलं की घरचे म्हणतात, "आता पुरे झालं." मूल झाल्यावर तर कुणी विचारतही नाही.

बर्मिंगहॅमच्या २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या तुलिका मानला तिच्या आईने एकटीने वाढवलं. आई दिल्ली पोलिसांत. तिच्या ड्युटीच्या वेळात पोर एकटी पडू नये म्हणून तिला ज्युडोला घातलं. खेळाडूमागे आई अशी उभी राहते. पण खेळाडू स्वतः आई झाली, तर तिच्यामागे कोण?

जपानच्या र्‍योको तानीने २००० आणि २००४ साली ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. २००५च्या डिसेंबरात मुलगा झाला, २००७ला ती पुन्हा जगज्जेती झाली आणि २००८ला बीजिंगमध्ये कांस्य घेऊन आली. फ्रान्सच्या क्लारिस आगबेन्येनूला जून २०२२मध्ये मुलगी झाली. पुढच्याच मे महिन्यात दोह्यात तिने जागतिक विजेतेपद मिळवलं. शरीर परत उभं राहतं, साहेब. त्याला वेळ आणि आधार लागतो.

२०१७पासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे, पण ती नोकरदार बाईला. नोकरी नसलेल्या खेळाडूला रजा कोण देणार?

म्हणून मागणं एवढंच. शिष्यवृत्ती, शिबिर किंवा नोकरीसाठी मागच्या काही वर्षांची कामगिरी तपासताना गरोदरपण आणि बाळंतपणाचा काळ त्यातून वगळावा, आणि हे नियमात स्पष्ट शब्दांत लिहावं. शिबिरात तान्ह्या बाळासह आजीला किंवा मावशीला राहू द्यावं. एका खोलीचा तर प्रश्न आहे. आणि नागपूर परिसरात संध्याकाळी उशिरापर्यंत मॅट खुली ठेवावी, म्हणजे घरचं आवरून येणाऱ्या बाईलाही सराव करता येईल.

येत्या हंगामाच्या निवडीआधी एवढा आदेश काढा, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
वाडीतल्या एका ज्युडोपटूची आई