कुठे ते ठरलं, कधी?

गणपती उठले की मराठी घरांत दिवाळीच्या सहलीची बोलणी सुरू होतात. रामेश्वर-कन्याकुमारी, नाहीतर आसाम-मेघालय, नाहीतर चारधाम. सहल कंपनीच्या माहितीपत्रकात नाश्त्याला पोहे आहेत की उपमा, इथपर्यंत तपशील असतो. आपण जाणार ते दिवस त्या मुलखात कसले असतात, एवढंच नसतं. भारत फिरताना माणूस अंतराला नव्हे, वेळेला फसतो, असं माझं ठाम मत आहे.

पाऊसच घ्या. आपल्याकडचा पाऊस दसऱ्याच्या आसपास आवरला की देशाचा पावसाळा संपला, असं आपण गृहीत धरतो. तमिळनाडूचा मुख्य पावसाळा तेव्हा कुठे सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी वारे उपसागरावरून पाणी घेऊन येतात आणि चेन्नईचा वर्षातला निम्म्याहून अधिक पाऊस त्याच तीन महिन्यांत पडतो. नेमकी तेव्हाच आपली दिवाळीची सुटी. शाळा-परीक्षा आड येत नसतील तर तिकडे जानेवारीत जावं. बरं, दिवाळी पाहायला म्हणून जावं, तर तिथला मुख्य सण नरकचतुर्दशीच्या पहाटेचा. लक्ष्मीपूजनाचा आपल्यासारखा थाट शोधणाऱ्याचा हिरमोड होतो. गुजरातेत पाडव्याला नवं वर्ष लागतं आणि पुढे लाभपंचमीपर्यंत बरेच व्यापारी दुकान उघडत नाहीत. अहमदाबादेत साड्या घ्यायला त्या आठवड्यात जाऊ नये.

पंचांगाचा घोळ याहून मजेदार आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. त्यामुळे गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिकडे श्रावण लागलेला असतो, आपल्या पंधरा दिवस आधी. ‘आषाढी झाली, श्रावणाला अजून अवकाश आहे, तेवढ्यात हरिद्वार उरकून घेऊ’ असा हिशेब करणारा माणूस थेट कावडयात्रेत जाऊन पडतो. आपल्याकडे गटारीचे बेत चालू असतात, तेव्हा तिकडे भगव्या कपड्यांतले लाखो कावडिये गंगाजल घेऊन पायी घराकडे निघालेले असतात. दिल्ली-हरिद्वार मार्गावरची वाहनं भलतीकडे वळवतात आणि गाडीवाला दुप्पट पैसे मागतो. वारी पाहिलेल्या माणसाने ही यात्राही जरूर पाहावी, पण ठरवून.

मग घड्याळ. देश रेखांशांच्या जवळजवळ २९ अंशांत पसरलेला आणि एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. म्हणजे अरुणाचलचं पूर्व टोक आणि द्वारकेचा किनारा यांच्या सूर्योदयात दोन तासांच्या जवळपास फरक, घड्याळ मात्र एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंशांच्या रेषेवर लावलेलं. आपण मुंबईकरांनी यावर नाक मुरडू नये. १९०६ साली ही प्रमाणवेळ आली, तरी ३९ मिनिटं मागे असलेली ‘मुंबई टाइम’ शहराने १९५५पर्यंत सोडली नव्हती. आसामातल्या चहाच्या मळ्यांत अजूनही ‘बागान टाइम’ चालते, देशाच्या घड्याळाच्या एक तास पुढे. प्रवाशासाठी याचा अर्थ सरळ आहे. डिसेंबरात काझीरंग्याला साडेचारच्या आसपास सूर्य मावळतो. आरामात अकराला निघून दुपारच्या जेवणानंतर स्थळं पाहण्याची आपली पद्धत तिथे कामाची नाही. पहाटे पाचला उठायचं. डोंगरातल्या रस्त्यावर तर अंधाराच्या आत मुक्काम गाठायचा.

ईशान्येत वारही बघावा लागतो. ऐझॉलमध्ये रविवार चर्चचा असतो आणि बाजार कडकडीत बंद. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर या चार राज्यांत इनर लाइन परमिटशिवाय प्रवेश नाही, आपल्यालाही नाही. मूळ नियम इंग्रजांचा, १८७३चा. परमिटावर तारखा असतात, म्हणून परतीचं तिकीट पुढे ढकललं तर परमिटही बघा. दक्षिणेतली बहुतेक मोठी देवळं दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात ती चारनंतरच उघडतात. सकाळचा डोसा निवांत खाणाऱ्यांचं दर्शन तिथेच हुकतं. लेहला, ३,५०० मीटर उंचीवर, विमानाने उतरणार असाल तर पहिले दोन दिवस सहलीच्या हिशेबात धरूच नका. ते नुसते पडून राहण्याचे.

राहिलं चारधाम. दिवाळीत केदारनाथला जाऊ म्हणणारे दरवर्षी भेटतात. केदारनाथचे दरवाजे भाऊबीजेला बंद होतात, गंगोत्रीचे त्याहून आधी, अन्नकूटाच्या दिवशी. पुन्हा उघडतात ते अक्षय्यतृतीयेच्या सुमारास, आणि केदारनाथची नेमकी तारीख महाशिवरात्रीला उखीमठात जाहीर होते. तोवर थांबा, आणि मगच आगाऊ पैसे भरा.