नमुना आलापल्लीचा, नाव कुणाचे?

गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीहून एक रस्ता भामरागडला जातो, एक एटापल्लीला, एक सिरोंचाला. हिवताप, सिकलसेल, कुपोषण, बालमृत्यू अशा कितीतरी विषयांवरचे संशोधन या रस्त्यांच्या टोकाशी असलेल्या गावांवर उभे राहते. तिथली माहिती आणतात आशाताई, अंगणवाडी सेविका, आरोग्यसेवक. बोट टोचून रक्त घेणे, माडिया भाषेतून समजावून संमती मिळवणे, नाला उतरल्यावर पुन्हा त्याच घरी जाणे, ही त्यांची कामे. निबंध छापून येतो तेव्हा ही माणसे ऋणनिर्देशात सापडतात, तीही बहुधा नावाविना.

यात वावगे काय, असे विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांचा पहिला मुद्दा असा, की माहिती गोळा करणारा लेखक ठरत नाही. आधाराला ते वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष देतात. संशोधनात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा सुधारण्यात सहभाग, अंतिम मजकुराला मान्यता आणि कामाचे उत्तरदायित्व, या त्या चार अटी. पण पहिल्या अटीत माहिती मिळवण्याचे कामही धरलेले आहे. शिवाय ती अट पुरी करणाऱ्याला मसुद्यात सहभागी होण्याची संधी द्यावी आणि निकषांचा उपयोग कुणाला वगळण्यासाठी करू नये, असे समितीनेच बजावले आहे. आधी मसुदा दाखवायचा नाही आणि मग सहभाग नव्हता म्हणून नाव गाळायचे, हा त्या निकषांचाच भंग आहे.

नुसता नमुना पोहोचवणारा लेखक होत नाही, हे मान्य. मात्र प्रश्नावलीतला कोणता प्रश्न माडिया बाईला विचारताच येणार नाही, हे सांगून जो ती बदलायला लावतो, त्याचे काम हमालीचे नव्हे.

दुसरा मुद्दा उत्तरदायित्वाचा. गावातल्या कार्यकर्तीला संख्याशास्त्र कसे कळणार? कळणार नाही कदाचित. पण मुंबईतल्या संख्याशास्त्रज्ञाला तरी अंधाऱ्या घरात तापलेल्या बाळाचे श्वास कसे मोजले, याची ग्वाही कुठे देता येते? प्रत्येकाने आपापल्या भागाची जबाबदारी घ्यावी आणि शंका आली तर तिचा तपास व्हावा हे पाहावे, एवढीच अपेक्षा असते.

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे: नावे वाटत सुटले तर लेखकत्वाला अर्थ उरत नाही. परंतु फुकटची नावे आजही लागतात, आणि ती वरून लागतात. विभागप्रमुख, परवानगी देणारा अधिकारी, निधी आणणारा वरिष्ठ. निधी मिळवणे किंवा सर्वसाधारण देखरेख करणे एवढ्यावर लेखकत्व मिळत नाही, हेही तेच निकष सांगतात. ते काटेकोर लावले तर कात्री आधी वरच्या नावांना लागेल.

हे सारे अव्यवहार्य म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीचाच दाखला पाहावा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. प्रश्न इथला, पहिले नाव राणी बंग यांचे आणि सोबत सहकाऱ्यांची नावे. त्याच संस्थेच्या १९९९च्या निबंधात ३९ गावांतली घरोघरची नवजात बालसेवा मांडली होती. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर, तुलनेच्या गावांचा हिशेब धरता, ६२ टक्क्यांनी घटला. २०११मध्ये केंद्र सरकारने अशी सेवा आशांकडे सोपवली. जिल्ह्यातल्या संस्थेने स्वतःच्या नावावर छापलेले संशोधन दिल्लीपर्यंत पोचते, हे यातून सिद्ध झाले.

तरीही १९९९च्या त्या निबंधाच्या पाच लेखकांत ही सेवा घरोघरी देणाऱ्या गावोगावच्या आरोग्यदूत नाहीत. पाच नावांच्या ओळीत एवढ्या जणी मावणार कशा, हा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तरही आहे. लेखक म्हणून गटाचे नाव देता येते आणि गटातल्या व्यक्तींची नावे निबंधाच्या नोंदीत सहयोगी म्हणून येऊ शकतात.

म्हणून नैतिकता समितीने संमतिपत्रासोबत आणखी एक कागद मागावा. स्थानिक सहभागींपैकी कोण लेखक होऊ शकेल, मसुदा त्यांना मराठीत किंवा माडियात कोण समजावणार, प्रकाशनाचा खर्च कोण उचलणार आणि निष्कर्ष गावात कधी सांगणार, हे त्यावर अभ्यास सुरू होण्याआधी लिहिलेले असावे. कागद कोरा असेल तर परवानगी थांबवावी.