हुकमाचे ताबेदार

घराघरांत फराळाचा घमघमाट सुटला असताना ही बुडालेल्या आगबोटीची कथा कशाला, असे वाचकांपैकी कुणी तरी विचारणारच. आमचे उत्तर एवढेच की, या कथेतला खरा प्रश्न समुद्राचा नाही, माणसाचा आहे. आणि असले प्रश्न सणावाराला सुटी घेत नाहीत.

‘पेलेउस’ ही ग्रीक मालवाहू आगबोट. ग्रीक पुराणातल्या अकिलीस या वीराच्या पित्याचे हे नाव. दुसऱ्या महायुद्धात ती इंग्रज सरकारच्या कामाला जुंपलेली होती. ८ मार्च १९४४ रोजी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रीटाउन बंदरातून ती रिकामीच दक्षिण अमेरिकेकडे निघाली. बोटीवर माणसे ३५. बरीचशी ग्रीक, बाकीचे इंग्रज, चिनी आणि आणखी कुठले कुठले. पोटासाठी समुद्रावर आलेले लोक!

१३ मार्चच्या संध्याकाळी ‘यू-८५२’ या जर्मन पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडले. काही मिनिटांत ‘पेलेउस’ तळाला गेली. ज्यांना उड्या टाकता आल्या ते तराफ्यांना आणि लाकडांना धरून तरंगू लागले. इथपर्यंत जे झाले ते युद्धच, आणि पुढे खटला उभा राहिला तो बोट बुडवल्याबद्दल नव्हता.

पाणबुडीचा कप्तान हाइन्झ-विल्हेल्म एक्क हा हिंदी महासागराकडे निघाला होता. तरंगणारे अवशेष उद्या शत्रूच्या विमानांना दिसले तर आपला माग लागेल, ही त्याला धास्ती. त्याने हुकूम सोडला, तराफे बुडवा! मग अंधारात मशिनगनी सुरू झाल्या, हातबाँब फेकले गेले. कित्येक तास हा प्रकार चालला होता. तराफ्यांवर माणसे होती, हे कुणाला ठाऊक नव्हते थोडेच?

एवढे करून तराफे काही बुडाले नाहीतच. चार माणसे जिवंत राहिली. त्यांतला एक जखमी अधिकारी पुढे तराफ्यावरच वारला. उरलेल्या तिघांना २० एप्रिलला, म्हणजे तब्बल ३८ दिवसांनी, एका पोर्तुगीज आगबोटीने उचलले. ३५ पैकी तीन! आणि ज्या विमानांच्या भीतीने हे सारे केले, त्या विमानांनी मे महिन्याच्या आरंभी या पाणबुडीला सोमाली किनाऱ्याजवळ गाठलेच. ती रुतून बसली, खलाशी कैद झाले आणि पाणबुडीची रोजनिशीही शत्रूच्या हाती पडली.

ऑक्टोबर १९४५ मध्ये हॅम्बुर्गला ब्रिटिश लष्करी न्यायालयासमोर पाच जण उभे राहिले. न्यायासनावर ग्रीक आरमाराचे अधिकारीही बसले होते. कप्तानाने सारी जबाबदारी आपल्या शिरावर घेतली. पाणबुडी वाचवण्यासाठी हे करणे भाग होते, असे तो म्हणाला. पण त्याच्याच बाजूने साक्षीला आलेल्या एका नामांकित पाणबुडी-कप्तानाला, ‘तुम्ही काय केले असते?’ असे विचारले, तेव्हा आपण असे केले नसते, हे त्याला कबूल करावे लागले.

बाकीच्या चौघांचे म्हणणे एकच. हुकूम होता. त्यांत पाणबुडीवरचा डॉक्टरही होता. ज्याने जखमा बांधायच्या, त्याने मशिनगन चालवली! न्यायालयाच्या कायदा-सल्लागाराने मात्र साधी गोष्ट सांगितली. खलाशी काही आंतरराष्ट्रीय कायद्याचे ग्रंथ बरोबर घेऊन फिरत नाही, हे खरे. पण पाण्यात तरंगणाऱ्या निराधारांवर गोळ्या झाडू नयेत, हे कळायला ग्रंथ लागतो का?

आम्हांला सर्वांत अस्वस्थ करतो तो लेन्झ नावाचा यंत्रविभागाचा अधिकारी. हा हुकूम मला पटत नाही, असे त्याने कप्तानाला तोंडावर सांगितले होते. एवढे धैर्य त्या रात्री त्याने दाखवले. पण पुढे काय केले? एक खलाशी गोळ्या झाडायला सरसावलेला पाहून त्याने त्याच्या हातची मशिनगन घेतली आणि स्वतःच झाडली. कारण काय सांगितले, तर हा खलाशी अगदीच नालायक, असले काम करण्याची त्याची पात्रता नव्हती!

कप्तान, डॉक्टर आणि आणखी एक अधिकारी यांना ३० नोव्हेंबर १९४५ रोजी गोळ्या घालण्यात आल्या. लेन्झला जन्मठेप झाली, त्या खलाशाला १५ वर्षे. पुढे काही वर्षांनी दोघेही सुटले.

‘मला पटत नाही’ हे वाक्य आपण सारेच अधूनमधून वापरतो. कचेरीत वापरतो, घरी वापरतो. ते बोलून टाकले की मन कसे हलके होते, आणि मग हातून तेच काम बिनतक्रार होते. साहेबांना सांगून पाहिले हो, ऐकले नाही त्यांनी! लेन्झनेही सांगून पाहिले होते. पण तराफ्यावरच्या माणसाला त्याचा विरोध ऐकू गेला नाही. त्याच्यापर्यंत पोचली ती गोळी.