जिमखान्याचे दार

‘जिमखाना’ हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांस नवा नाही. फीच्या पावतीवर तो छापलेला असतो, आणि ज्या खोलीत बॅटी, जाळ्या व लेझिमा ठेवलेल्या असतात तिलाही आपण जिमखान्याची खोली म्हणतो. परंतु जिमखाना म्हणजे साहित्याची खोली नव्हे. ती माणसांची मंडळी होय. अशी मंडळी किती ढाली जिंकते यावरून लोक तिची किंमत करतात. आमच्या मते ती कोणास आत घेते व कोणास दाराशी थांबविते यावरून तिची किंमत करावी. मुंबई बंदरातील जिमखान्यांच्या इतिहासावरून हे म्हणणे फार स्पष्ट होते, म्हणून तो इतिहास येथे थोडक्यात सांगतो.

मुंबईतील पारशी तरुणांनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. युरोपियन लोकांनी १८७५ साली बॉम्बे जिमखाना स्थापिला. त्यात एतद्देशीयांस सभासद होता येत नसे. ज्या सार्वजनिक मैदानावर पारशी व हिंदू मुले क्रिकेट खेळत, तेथेच साहेब लोक घोड्यांवर बसून पोलो खेळत, आणि टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू धड उसळेनासा होई. शापूरजी सोराबजी यांच्या पुढाकाराने सरकारकडे अर्ज गेले व हा वाद बराच काळ चालला. पुढे समुद्रकाठी भर घालून काढलेल्या जमिनीवर निरनिराळ्या समाजांस निरनिराळ्या जागा मिळाल्या. पारशी जिमखाना १८८५ सालचा, तर परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ सालचा. इस्लाम जिमखानाही त्याच सुमाराचा. समुद्राकडे तोंड करून हे तिन्ही जिमखाने मरीन ड्राइव्हवर आजही उभे आहेत.

या संस्थांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पारशी खेळाडू १८८६ व १८८८ साली इंग्लंडात जाऊन खेळून आले, आणि १८९० साली त्यांनी व्हर्नन यांच्या इंग्रज संघास मुंबईत हरविले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांवर १०९ धावांनी जय मिळविला, तेव्हा राज्यकर्त्यांशी बरोबरी करता येते हे सामान्य माणसानेही डोळ्यांनी पाहिले. १९०७ पासून तिरंगी, १९१२ पासून मुसलमान संघ आल्यावर चौरंगी व १९३७ पासून पंचरंगी सामने होऊ लागले. आपल्या सोलापुरात १९२६ साली जन्मलेले पॉली उम्रीगर १९४४ साली अठराव्या वर्षी पारशी संघातून याच सामन्यांत उतरले. पुढे १९५५ साली न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा करून, कसोटी सामन्यात द्विशतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. तेव्हा समाजाच्या अभिमानाने पैसा उभा राहतो, मैदान मिळते व खेळाडूही तयार होतात, ही गोष्ट आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु त्या अभिमानाची किंमत कोणी दिली, हेही पाहिले पाहिजे.

पळवणकर बाळू यांचे चरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घेण्यासारखे आहे. चर्मकार समाजात जन्मलेला हा मुलगा पुण्यास युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीस होता. तेथे साहेबांस सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. पुण्याच्या हिंदू संघास त्याची गोलंदाजी हवी होती. परंतु खेळ थांबून चहा आला म्हणजे इतरांस चिनी मातीच्या पेल्यात व बाळूस मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात मिळे. त्याने टाकलेला चेंडू सर्वांच्या हातांत फिरत होता. विटाळ तेवढा पेल्यास होत होता! मुंबईच्या हिंदू जिमखान्याने त्यास आपल्या संघात घेतले, ही त्या जिमखान्याची खरी कमाई होय. १९०६ च्या ज्या विजयाचा वर उल्लेख केला, त्यात बाळूने आठ गडी बाद केले होते. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडास गेला, तेव्हा त्याने त्या एका दौऱ्यात ११४ बळी मिळविले.

इतके झाल्यावर तरी त्यास कर्णधार करावे की नाही? ते झाले नाही. दाराच्या आत आणखी एक दार होते. बाळूस शिवराम, विठ्ठल व गणपत असे तीन भाऊ होते आणि तिघेही उत्तम खेळाडू. १९२० साली योग्यता डावलली जात आहे असे पाहून विठ्ठल व शिवराम यांनी जाहीरपणे संघातून अंग काढून घेतले. अखेर १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला, आणि त्याच वर्षी संघाने युरोपियनांस हरवून चौरंगी सामने जिंकले. नेतृत्वास जात लागते म्हणणाऱ्यांस याहून चांगले उत्तर कोणते द्यावे?

आता आमच्या ख्रिस्ती वाचकांस जवळची वाटेल अशी एक गोष्ट. पंचरंगी सामन्यांतील पाचव्या संघाचे नाव ‘शेष’ असे होते. हिंदी ख्रिस्ती, यहुदी वगैरे ज्यांस इतर चार संघांत जागा नव्हती, ते या शेषात. सांगलीच्या एका शिक्षकाचे चिरंजीव विजय हजारे हे त्यातले. १९४३ सालच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने पाच गडी बाद ५८१ धावा केल्या. त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. शेष संघ पहिल्या डावात १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात त्यांच्या ३८७ धावा झाल्या, आणि त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! त्यांचे बंधू विवेक एक बाजू धरून उभे राहिले. दोघांनी मिळून ३०० धावांची भर घातली, त्यात विवेक यांचा वाटा अवघा २१ होता. सामना हरला, पण आज त्या सामन्यातील पराभवच अधिक आठवला जातो. आमच्या मनात विचार येतो की, मर्चंट व हजारे हे दोघे एकाच मुंबई इलाख्यातील सुपुत्र. त्यांस एकमेकांसमोर उभे करणारी रेघ खेळाने आखलेली नव्हती.

१९४० साली हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी सल्ला विचारण्यास महात्मा गांधींकडे वर्ध्यास गेले, तेव्हा खेळाच्या मैदानावर धर्मवार संघ असावेत हे आपणांस पटत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. १९४६ साली ते सामने बंद झाले. गर्दी तर तोवर लोटतच होती. पण देशाच्या फाळणीचे ढग जमत असता प्रत्येक चौकारामागे कोणता समाज टाळ्या वाजवितो हे मोजणे धोक्याचे झाले होते.

याउलट उदाहरण दुसऱ्या एका बंदराचे घेऊ. ग्रीस देशाची राजधानी अथेन्स. तिचे बंदर पिरियस. तेथे १९२५ साली दोन फुटबॉल क्लबांनी आपापली नावे पुसून एक नवीन क्लब काढला. प्राचीन ऑलिंपिया क्षेत्रावरून त्यास ‘ऑलिंपियाकोस’ नाव दिले आणि मस्तकी विजयमाला धारण केलेला तरुण हे चिन्ह घेतले. तेथेही आंद्रियानोपुलोस घराण्यातील पाच भाऊ आरंभीचे आधारस्तंभ होते. मात्र पळवणकर बंधूंप्रमाणे त्यांस जातीमुळे दाराशी झगडावे लागले नाही. गोदीतील मजुरांपासून व्यापाऱ्यांपर्यंत साऱ्या बंदराने तो क्लब आपला मानला. फुटबॉलपासून आरंभ करून बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, पोहणे, पाण्यातील पोलो असे खेळ त्याने जोडले. १९९७ साली त्याचा बास्केटबॉल संघ व २०१५ साली स्त्रियांचा वॉटरपोलो संघ युरोपात अजिंक्य ठरला. २०२४ साली तर त्याने ग्रीसला फुटबॉलमधील पहिला युरोपीय क्लब-करंडक मिळवून दिला. शेजारच्या क्लबांशी त्याचे वैर कडवे आहे, ते आम्ही आदर्श म्हणून सांगत नाही. परंतु गावाच्या नावाने उभारलेली एक संस्था अनेक खेळांस आणि मुलींसही जागा देऊ शकते, एवढे त्यावरून घेण्यासारखे आहे.

माढ्यात समुद्र नाही, भर घातलेली जमीन नाही, आणि देणगी देणारे शेठही मोजकेच. परंतु मुंबईचा प्रश्न येथेही आहे. उन्हाळ्यात गावोगाव टेनिस चेंडूचे सामने भरतात. संघ पाहावेत तर गल्लीचे, भावकीचे, पुष्कळदा जातीचे. शाळेत एका बाकावर बसणारी मुले सुटीत परस्परांविरुद्ध उभी राहतात, आणि ज्याच्या गल्लीत अकरा मुले नाहीत तो चांगला खेळत असूनही कुंपणावर बसतो. मुली तर मैदानाच्या कडेनेही जात नाहीत.

काही पालक म्हणतील, आपल्या लोकांत मुलगा सुरक्षित राहतो. ही काळजी आम्ही जाणतो. परंतु जो मुलगा पंधराव्या वर्षापर्यंत केवळ आपल्यांतच खेळला, त्यास पुढे नोकरीत, वसतिगृहात, पलटणीत परक्यांबरोबर राहण्याचे शिक्षण कोण देणार? दुसरे म्हणतील, खेळाने अभ्यास बुडतो. ठरलेल्या वेळी, वडील माणसांच्या देखरेखीखाली एक तास खेळल्याने अभ्यास बुडत नाही. संध्याकाळभर चौकात रेंगाळल्याने मात्र खास बुडतो.

म्हणून आमची सूचना आहे की, शाळेतील व गावातील मुलांमुलींसाठी माढ्याच्या नावाने एकच क्रीडामंडळ असावे. त्यात कबड्डी, खो-खो, कुस्ती, क्रिकेट व धावणे असावे. वर्गणी अशी असावी की शेतमजुराच्या मुलासही ती जड होऊ नये. सरावाचे संघ चिठ्ठ्या टाकून पाडावेत, म्हणजे गल्ली आपोआप विसरेल. मुलींस त्यांची वेळ नेमून द्यावी व ती कोणी हिरावून घेऊ नये. कर्णधार खेळ व वर्तन पाहून निवडावा. आणि पाणी सर्वांनी एकाच माठातून, एकाच पेल्याने प्यावे. बाळूस जे पुण्यास मिळाले नाही ते माढ्यातील प्रत्येक मुलास मिळावे.

विद्यार्थिमित्रहो, पुढील वर्षी तुमच्या संघाने ढाल आणली तर आम्हांस आनंदच होईल. परंतु ढाल येवो वा न येवो, कुंपणावर बसलेल्या त्या मुलास हाक मारून आत घेण्याचे काम तुम्हांस आज संध्याकाळीच करता येईल. त्यासाठी वर्गणी लागत नाही, आणि कोणाची परवानगीही नको.