कोशाच्या साडीला उसनी ओळख परवडणार नाही

मोहाडी (जि. भंडारा), प्रतिनिधी : कोशाच्या वस्त्रांसाठी मोहाडी आणि याच तालुक्यातील आंधळगाव ही गावे विदर्भात परिचित आहेत. ऐन व अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळ्यांच्या कोशांतून निघणारा टसरचा धागा आणि करवतीच्या दात्यांसारखा काठ, ही येथील करवतकाठी साडीची खूण. अंग व काठ एकमेकांत गुंतविण्यासाठी विणकराला तीन धोटे चालवावे लागतात. या साडीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. मात्र आज शहरातील ग्राहक साडीचा शोध मोबाइलवर घेतो. तेथे जो वर दिसेल, त्याच्याकडे मागणी वळते. म्हणूनच अल्पावधीत 'पहिल्या पानावर' नेण्याचे आश्वासन देणाऱ्या सेवांचा मोह लहान व्यावसायिकांना पडतो. या मोहाची किंमत काय, हे तपासणे आवश्यक आहे.

दुव्यांचा बाजार

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गुगलची स्थापना केली, तेव्हा त्यामागील कल्पना साधी होती : एका संकेतस्थळाने दुसऱ्याचा दुवा, म्हणजे लिंक, देणे ही एक प्रकारची शिफारस होय. शिफारशीला मोल आले, तशी तिची विक्रीही सुरू झाली. जे. सी. पेनी या अमेरिकेतील बड्या दुकानसाखळीसाठी पेरलेले असंबद्ध दुवे २०११ मध्ये उघडकीस आले आणि काही शब्दांच्या शोधात पहिल्या क्रमांकावर असलेली ही कंपनी साठीच्या पलीकडे फेकली गेली. एप्रिल २०१२ मध्ये गुगलने 'पेंग्विन' ही सुधारणा आणून अशा दुव्यांवर सरसकट घाव घातला. मार्च २०२४ मध्ये, क्रमवारीसाठी जुनी बंद पडलेली संकेतस्थळे विकत घेण्याच्या प्रकारालाही स्पष्ट मनाई करण्यात आली. बडी कंपनी अशा आघातातून सावरते. एकाच संकेतस्थळावर विसंबलेल्या विणकराला ते शक्य होईलच असे नाही.

प्रॉक्सीचा मुखवटा

प्रॉक्सी म्हणजे मधला संगणक. त्याच्यामार्फत गेल्यास आपला मूळ इंटरनेट पत्ता समोरच्याला दिसत नाही. आपले पान पुण्यातील ग्राहकाला कसे दिसते, हे पाहण्यासाठी त्याचा उपयोग गैर नाही. परंतु एकाच व्यक्तीने दहा ग्राहकांचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिणे ही फसवणूक ठरते. विक्रेत्याने स्वतःला ग्राहक भासवून अभिप्राय देण्यास ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार मनाई आहे.

धोका येथेच संपत नाही. मे २०२४ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी '९११ एस ५' हे जाळे मोडले, तेव्हा त्यात १ कोटी ९० लाखांहून अधिक इंटरनेट पत्ते आढळले. मोफत व्हीपीएन उतरवून घेणाऱ्या सामान्य माणसांचे संगणक त्यांच्या नकळत भाड्याने दिले जात होते. स्वस्त प्रॉक्सी घेताना आपण कोणाच्या घराचे दार वापरतो आहोत, हे कळत नाही. आणि फुकटचे व्हीपीएन घेताना आपलेच दार उघडे राहू शकते.

मोहाडीसाठी धडा

पहिला धडा मालकीचा. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी विणकराच्या वा संस्थेच्या नावे असावी; ते बनवून देणाऱ्या मध्यस्थाच्या नव्हे. दुसरा धडा दुव्यांचा. रेशीम संचालनालय, प्रदर्शनांचे आयोजक, नियमित माल घेणारे व्यापारी यांच्याशी संबंध मुळातच असतात. त्यांच्या पानांवर आपला उल्लेख व्हावा, अशी विनंती करण्यास पैसे लागत नाहीत. तिसरा धडा मजकुराचा. हातमाग व यंत्रमागाच्या कापडातील फरक, साडीला लागणारे दिवस, २००४ पासून सुरू असलेल्या 'सिल्क मार्क'चा अर्थ, हे सारे छायाचित्रांसह मराठी, हिंदी व इंग्रजीत मांडावे. अभिप्राय मात्र साडी नेसलेल्या ग्राहकाचाच हवा.

या मार्गाने फळ मिळण्यास वेळ लागेल. परंतु भौगोलिक मानांकन नावाला कायद्याचे संरक्षण देते, शोधाच्या क्रमवारीत स्थान देत नाही. करवतकाठीविषयी मोहाडीने स्वतः लिहिले नाही, तर दूरचा व्यापारी लिहील, आणि ग्राहकही त्याच्याकडेच जाईल.