सहलीच्या यादीतून गळलेले नाव

हिवाळा आला की शाळांना सहलीचे वेध लागतात. एसटीची गाडी ठरते, वर्गणी गोळा होते, फळ्यावर नावांची यादी लागते. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीसारख्या गावात तर सहल म्हणजे वर्षाचा सण. पण त्या यादीत एखादे नाव हमखास नसते. कोणी ते खोडलेले नसते. ते मुळात लिहिलेच जात नाही. ते मूल नीट चालू शकत नाही, बोलू शकत नाही किंवा गर्दी-गोंगाटाने बिथरते. आई-वडीलही आग्रह धरत नाहीत. 'कशाला गुरुजींना त्रास?' असे म्हणून ते स्वतःच पाऊल मागे घेतात. त्या दिवशी गाडी गेल्यावर ते मूल रिकाम्या रस्त्याकडे पाहत बसते.

आपण या मुलांसाठी काय करतो? डॉक्टर, औषधे, व्यायाम, प्रमाणपत्रांसाठीचे हेलपाटे. सगळे आवश्यकच. पण या धावपळीत आनंद नावाची गोष्ट राहून जाते. 'त्याला तिथे काय कळणार?' हा प्रश्न आपण सहज विचारतो. कळणे म्हणजे फक्त माहिती पाठ होणे, असे आपण धरून चालतो, म्हणून हा प्रश्न पडतो. रानातल्या वाऱ्याला, पाण्याच्या आवाजाला, पाखरांच्या हाकेला कुठली प्रश्नपत्रिका असते? तिथे चूक उत्तर नसते, की नापास होणे नसते. वर्गात सतत मागे पडणाऱ्या मुलाला बरोबरीने बसता येईल अशी ही जागा आहे.

झरीहून जिंतूरमार्गे एका दिवसात जाऊन येता येईल असे लोणारचेच उदाहरण घ्या. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेले हे विवर सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. 2000 साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि 2020 साली ते रामसर पाणथळांच्या यादीत गेले. खाली सरोवरापर्यंतची उतरण खडी आहे; चाकाच्या खुर्चीला किंवा डळमळत्या पावलांना ती झेपणारी नाही. पण खाली उतरलेच पाहिजे असे कुठे आहे? काठावरून संपूर्ण विवर नजरेत मावते. गोमुखाची धार काठाजवळच बारमाही वाहते. ज्याला दिसत नाही त्याला तिचा आवाज ऐकता येतो, ज्याला ऐकू येत नाही त्याला तिचे तुषार अंगावर घेता येतात. जे मूल एका जागी बसत नाही, तेही वाहत्या पाण्यासमोर कधी कधी स्थिरावते.

थोडी सवड काढली तर पैठणचा नाथसागरही आहे. 1986 साली जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झाले. उथळ पाण्यामुळे हिवाळ्यात तिथे स्थलांतरित बदके येतात, रोहित पक्षीही दिसतात. याच धरणाचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात येतो. 'आपल्या शिवारातले पाणी इथून निघते' हे मुलाला तिथे उभे करून दाखवले, तर पुस्तकातल्या धड्यापेक्षा ते अधिक पोचेल.

अर्थात नुसत्या भावनेने सहल होत नाही. स्वमग्न मुलाला नवी जागा घाबरवते. म्हणून आठवडाभर आधीपासून तिथली छायाचित्रे दाखवावीत, दिवसाचा क्रम रोज सांगावा. रविवारची गर्दी टाळून मधल्या वारी, सकाळी लवकर जावे. फिट येणाऱ्या मुलाची औषधे कोणाकडे आहेत, हे दोघांना तरी ठाऊक असावे. वानरांच्या जागी खाऊ उघडा ठेवू नये. पाण्याच्या काठाशी मुलाचा हात सोडू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मूल अर्ध्या तासात कंटाळले तर परतावे. सगळे पाहून झाले पाहिजे हा हट्ट मोठ्यांचा असतो.

उरलेली जबाबदारी मात्र घरची नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 1995 साली आला. 2016 च्या नव्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य झाले, त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमताही आहेत. सार्वजनिक जागा सुगम असाव्यात आणि करमणुकीतही या व्यक्तींना वाटा मिळावा, असे तो कायदा सांगतो. वनखात्याने यासाठी जंगलात सिमेंट ओतावे असे कोणी म्हणत नाही. प्रवेशद्वारापासून निरीक्षणाच्या जागेपर्यंत एक सपाट पायवाट, टेकायला कठडा, सावलीत बाक, चाकाची खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह, एवढे पुष्कळ आहे. स्वच्छतागृह नाही म्हणून मोठ्या झालेल्या मुलीला घेऊन आई घराबाहेर पडत नाही, हे आपल्या नियोजनकारांना कधी सुचतच नाही. अशा सोयी झाल्या तर त्या आजी-आजोबांच्या आणि कडेवर बाळ असलेल्या आयांच्याही उपयोगी पडतील.

शाळांनाही एक विनंती. सहलीची यादी करताना सुरुवात या मुलाच्या नावापासून करावी. त्याला जमेल ती जागा आधी ठरवावी, बाकीची चाळीस मुले तिथे आनंदाने येतीलच. जाताना त्यांच्यातला एखादा खुर्ची ढकलेल, एखादी पाण्याची बाटली धरेल. सोबत कशी करायची, हे ती मुले वर्गातल्या कुठल्या तासाला शिकणार?

झरीहून गाडी सुटेल तेव्हा खिडकीजवळची एक जागा त्याच्यासाठी राखून ठेवू या. त्याने बाहेर काय पाहिले, हे कदाचित तो सांगू शकणार नाही. पण रस्त्यावर उभा राहून गेलेल्या गाडीची धूळ पाहण्याची वेळ तरी त्याच्यावर येणार नाही.